चांगोबाची पाठ

चांगोजीला ती हाक ऐकू आली होती का?

हे मी पहिल्यांदा आजोबांना विचारले, तेव्हा ते तंबाखू मळत होते. त्यांनी मळणे थांबवले नाही. मग आईला विचारले, गुरुजींना विचारले, जत्रेत कीर्तनाला आलेल्या बुवांना विचारले. बुवांनी माझ्या हातावर खोबरे ठेवले आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. माझा थोरला भाऊ जोती कोणत्याही गोष्टीवर बोलायचा. तोसुद्धा म्हणाला, "शिरपा, तेवढं सोडून काय बी इचार." माझी शाळा सहावीत सुटली. प्रश्न तसाच राहिला.

तुम्ही उभे आहात तिथून डोहाच्या काठावर काळा दगड दिसतो ना, तीच चांगोबाची पाठ. मांडी घालून बसलेल्या माणसाची पाठ. मान थोडी पुढे, खांदे उतरलेले, मधोमध कण्यासारखी एक खोल रेघ. इतर देवांना समोरून नमस्कार करतात, इथे पाठीला करतात. हळद पाठीला, फुले पाठीला, नारळही मागेच फुटतो. दगडाच्या पुढे लगेच पाणी आहे. उन्हाळ्यात नदी सगळीकडे आटते, इथे आटत नाही. पुढच्या बाजूला जायचा मान आमच्या गुरवाच्या घराचा, तोही वर्षातून एकदाच. तालुक्याच्या कोर्टातले वकील सनद मिळाली की इथे डोके टेकून जातात. त्यांनाही मी इथेच थांबवतो. तुम्हीही त्या पांढऱ्या रेघेच्या पुढे जाऊ नका. शेवाळ फार आहे.

देवाचे तोंड कसे आहे, असे पाहुणे हमखास विचारतात. जोतीदादा सांगायचा, "माझ्या सासऱ्यासारखं. पोरगी दिल्यावर ज्यानं परत बघितलंच न्हाई." पाहुणे हसायचे आणि मग गोष्ट ऐकायचे. मला तसे हसवता येत नाही. मी सरळ गोष्टच सांगतो.

असे सांगतात की फार पूर्वी या खोऱ्यात न्यायाधीश नावाचा माणूस नव्हता. शेताचा बांध कुठे, हे ज्याच्याकडे माणसे जास्त तो ठरवायचा. रोजच्या मारामाऱ्यांना कंटाळून देशमुखाने एक तरुण माणूस नेमला. तो चांगोजी, या खोऱ्याचा पहिला न्यायाधीश. त्याचे आईबाप पटकीच्या साथीत गेले होते. मागे उरला पाठचा भाऊ मानाजी. चांगोजीने त्याला पाठीवर बांधून वाढवला म्हणे. भाकरी थापताना मानाजी पाठीवर, नांगर धरला तरी मानाजी पाठीवर. दगडावरची ती खोल रेघ त्या कापडाच्या गाठीची आहे, असे आमच्याकडच्या बायका अजून म्हणतात.

सुरुवातीला चांगोजी चारचौघांसारखा समोरासमोर बसून न्याय करी. एकदा एक शेतकरी त्याच्यापुढे येऊन रडला. माझे बैल माझ्या गड्याने विकले, असे त्याचे म्हणणे. रडणे इतके खरे होते की ऐकणाऱ्यांचे डोळे भरले. गडी मात्र तोंड पाडून गप्प उभा होता. चांगोजीने गड्याला खोऱ्याबाहेर काढले. थोड्याच दिवसांत बैल आपणहून जंगलातून घरी आले. गड्याला आणायला माणसे घाटात धावली, तेव्हा तिथे त्याची पटकुरेच सापडली. जनावराने बाकी काही ठेवले नव्हते.

चांगोजी ती पटकुरे घेऊन डोहावर आला. पाण्यात उभा राहून तो नवस बोलला, की यापुढे मी कोणाचे तोंड बघून न्याय करणार नाही. माझी पाठ लोकांकडे आणि तोंड पाण्याकडे राहील. निकाल दिल्यावर मी वळलो तर या डोहाने माझे घर न्यावे.

त्या दिवसापासून तो इथे पाठमोरा बसू लागला. त्याने नियम घातले. वादी आणि प्रतिवादी यांच्या तोंडाला फडके बांधायचे, म्हणजे आवाजही ओळखू यायला नको. दोघांची बाजू त्यांनी आधी गावात दवंडी देणाऱ्या भिवा हाकाऱ्याला सांगायची आणि भिवाने मधे उभे राहून ती मोठ्याने बोलायची. पण नाव सांगायचे नाही, गाव सांगायचे नाही, जात सांगायची नाही आणि कोण कोणाचा कोण लागतो हेही सांगायचे नाही. एक माणूस असे म्हणतो, दुसरा माणूस तसे म्हणतो. एवढेच.

लोक आधी हसले. पाठीला काय कळणार, म्हणाले. मग एकदा विहिरीचा तंटा आला. एका माणसाने खोदली, दुसऱ्याने बळकावली. चांगोजीने खोदणाऱ्याला विहीर दिली आणि बळकावणाऱ्याला वर्षभर तिचा गाळ काढायला लावले. फडकी सुटली तेव्हा खोदणारा निघाला गावाबाहेर राहणारा चांभार आणि बळकावणारा देशमुखाचा सख्खा पुतण्या. देशमुख तावातावाने आला. चांगोजी पाण्याकडेच बघत म्हणाला, "मला काय ठावं? तुमचा पुतण्या हुता व्हय?" देशमुखाला परत जावे लागले आणि पुतण्याला विहिरीत उतरावे लागले.

मग घाटापलीकडूनही माणसे येऊ लागली. त्याचे निकाल लोक पाठ करून दुसऱ्या गावी सांगत. पण हळूहळू त्या पाठीची भीतीही वाटू लागली म्हणे. समोर बसलेल्या माणसाची विनवणी करता येते. पाठीला काय विनवणार? गुरे पाण्यावर आली तरी त्याला वळसा घालून जात. आया मुलांना डोहाकडे पाठवीनात. मानाजी तेवढा रोज येई आणि भावाजवळ भाकरीचे फडके ठेवून जाई. न्याय चालू असताना त्यालाही बोलायची बंदी होती. फडके ठेवल्याचा आवाज झाला की चांगोजी मान न वळवता हात मागे करी, आणि मानाजी त्या हातावर भाकरी ठेवी.

मग एका वर्षी पाऊस झाला नाही. खोऱ्यात पाणी उरले ते वरच्या अंगाच्या मातीच्या बंधाऱ्यात. त्याच्यावर माणसे आणि जनावरे उन्हाळा काढणार होती. गावाने ठरवले की या बंधाऱ्याला जो हात लावील त्याला डोहाच्या हवाली करायचे. चांगोजीनेच तो ठराव मोठ्याने वाचला. आणि एके दिवशी बंधारा फुटला. होते तेवढे पाणी खडकातून वाहून गेले. माणसे धावत गेली तेव्हा तिथे एकच जण होता. कमरेपर्यंत चिखलात, हातात कुदळ.

तो मानाजी होता.

तुम्ही म्हणाल, लोकांनी चांगोजीला जाऊन सांगायला पाहिजे होते. मीही तेच म्हणतो. पण त्या दिवशी घसे कोरडे पडले होते आणि पाणी डोळ्यांदेखत गेले होते. शिवाय ज्यांच्या विरुद्ध निकाल गेले होते ते सगळे आज पुढे आले होते. "बघू आज पाठ हलती का," असे कोणीतरी म्हणाले. ते ऐकून काही जण हसलेही. मानाजीच्या तोंडाला फडके बांधले आणि त्याला चांगोजीच्या मागे आणून उभा केला.

भिवा मधे उभा राहिला. तो बोलू लागला, पण त्याचा आवाज त्या दिवशी नीट निघत नव्हता म्हणे. एक माणूस बंधाऱ्यावर कुदळीसह सापडला. गाव म्हणते, त्याने फोडला. माणूस म्हणतो, मी गेलो तेव्हा पाणी आधीच सुटले होते, मी बुजवायला लागलो.

चांगोजीने विचारले, "राखणीची पाळी त्याची हुती का?"

"न्हवती."

"मग त्या वक्ताला त्यो एकटा तिथं कशाला गेला?"

भिवाने मानाजीकडे पाहिले. उत्तर त्याला मानाजीने आधीच सांगितले होते. जेवायला बसताना थोरला भाऊ म्हणाला होता, माझा जीव राहत नाही, बंधाऱ्याकडे एक चक्कर टाकून ये. म्हणून तो गेला होता. पण हे सांगायचे तर भाऊ म्हणावे लागणार, आणि नाते सांगायचे नाही हा नियम.

"मालक," भिवा म्हणाला, "ते सांगितलं तर नातं सांगितल्यागत हुईल."

चांगोजी बराच वेळ काही बोलला नाही. पाण्यावर एक पान फिरत होते, तेवढेच हलत होते असे सांगतात. त्याला तेव्हा कळले का? स्वतःचेच बोलणे त्याला आठवले का? कोणी म्हणतात आठवले, म्हणूनच तो इतका वेळ थांबला. कोणी म्हणतात, तो प्रत्येक निकालाआधी तसाच थांबे.

शेवटी तो म्हणाला, "मग नियम मोडू नगंस."

आणि त्याने डोहाची शिक्षा सांगितली. शिक्षा सांगितली की तो डोक्यावरून घोंगडे ओढून घेई आणि सगळे संपेपर्यंत काढत नसे. तसेच त्याने केले. मानाजीला त्याच्या शेजारूनच पाण्यात नेले. जाताना मानाजीचा पाय त्या घोंगड्याला घासला म्हणे.

पाण्यात फडके सुटले. मानाजीने एकदाच हाक मारली, "दादा."

समोरच्या डोंगराने ती परत दिली. सगळ्या गावाने ऐकली. घोंगडे हलले नाही.

या खोऱ्यात प्रत्येक घरात कोणीतरी दादा असतो. कोणीही माणूस बुडताना ती हाक मारील. म्हणून मी विचारत होतो.

चांगोजी घरी गेला. शेजारणीने दारातून पाहिले, त्याने चूल पेटवली, भात केला आणि दोन ताटे घेतली. दोन्हींत वाढले. मग समोरच्या ताटाकडे बघत बसून राहिला. मानाजी का आला नाही, कुठे गेला, असे त्याने कोणालाही विचारले नाही. भात गार झाल्यावर त्याने ते दुसरे ताट उचलले, डोहावर आणले आणि पाण्यात सोडले. मग नेहमीच्या जागी नेहमीसारखा बसला. परत उठताना त्याला कोणी पाहिले नाही.

चिखल वाळल्यावर लोक बंधारा बघायला गेले. आत घुशींनी बिळे केली होती, या अंगापासून त्या अंगापर्यंत. कोणीच फोडला नव्हता. भिवा पळत इथे आला. मागे उभा राहून त्याने सांगितले, "मालक, घुशींनी पोखरला हुता." पाठ हलली नाही. त्याने पहिल्यांदाच नियम मोडून खांद्यावर हात ठेवला. हाताला दगड लागला.

त्यानंतर खोऱ्यात कोणाला डोहात दिले नाही. कोणाच्या तोंडाला फडकेही बांधले नाही. आमच्याकडे तंटा बसतो तेव्हा पंच अजून पाठमोरे बसतात, चांगोजीने शिकवले तसे. पण ज्याच्यावर आळ आहे तो स्वतः बोलतो, आणि त्याला पहिला प्रश्न असतो, "तुझ्या मागं कोण हाय?" आधी आपल्या माणसांची नावे घ्यायची, मग बाकीचे. वकील लोक याला नवल म्हणतात. ते चांगोजीचे देणे आहे. अर्धे त्याने बसून दिले, अर्धे मानाजीला घालवून.

आजही चैत्राच्या अमावास्येला सकाळी सगळे गाव इथे जमते. गुरवाच्या घरचा एक माणूस पाण्यात उतरून दगडाची पुढची बाजू धुतो. तेवढा वेळ गाव डोहाकडे पाठ करून उभे राहते. न्यायाधीशाच्या सन्मानासाठी, असे म्हातारे सांगतात. आणि त्या दिवशी डोह ओळखीच्या आवाजात हाक मारतो म्हणे. जो वळेल त्याच्या घरचा एक माणूस डोह नेतो. म्हणून काहीही ऐकू आले तरी वळायचे नाही.

मागच्या चैत्रात जोतीदादा उतरला होता. नेहमीप्रमाणे लोकांनी त्याची चेष्टा केली. "जोती, देवाला आंघोळ घालताना तू बी घालून घे, लई दिस झालं," बाळकूतात्या म्हणाले. तात्या आमच्या गावचे मोठे पंच. दादा हसला, बादली घेऊन खाली गेला. आम्ही पाठ केली. पाणी ओतल्याचा आवाज आला, घासल्याचा आला. मग बादली दगडावर आपटल्याचा आला.

मग आवाज आला, "शिरपा, पाय अडकलाय रं."

मी वळलो. तात्यांचा पंजा माझ्या मानेवर होता. "मागं बघू नगंस. डोह हाय त्यो." दोघातिघांनी मला धरले. मी चावलो, लाथा मारल्या. दादाने अजून एकदा माझे नाव घेतले, पण ते अर्धेच आले. मी सुटून पाण्यात पडलो तेव्हा वर फक्त बादली होती. कपारीतून त्याचा पाय मीच सोडवला.

दहाव्याला कावळा शिवला नाही. वहिनी माहेरी गेली ती आली नाही. मी गावात घरोघर जाऊन विचारले, तुम्हाला हाक ऐकू आली होती का? कोणी म्हणाले, डोहाची असेल. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला. तात्यांच्या दारात मी ओरडलो, शिव्या दिल्या. ते जात्याजवळ बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

यंदा उतरायची पाळी माझ्यावर आली, कारण घरात दुसरे कोणी नाही. आईने पाय धरले. मी तरी उतरलो. यंदा माझी चेष्टा कोणी केली नाही. गाव पाठ करून उभे राहिले आणि मी दगडाच्या पुढे गेलो. तुम्ही विचारता म्हणून सांगतो, देवाला तोंड नाही. गुळगुळीत दगड आहे, वरून घोंगडे ओढल्यासारखा. मी तो धुतला. मग पाणी छातीला लागेपर्यंत मागे सरलो आणि वर पाहिले. सगळ्या गावाच्या पाठी. चांगोजीकडे न्याय मागायला येणाऱ्यांना अशीच एक दिसत असेल.

मी बादली दगडावर आपटली. मग दादाच्या आवाजात, तो बोलला तसेच म्हणालो, "शिरपा, पाय अडकलाय रं."

एकही पाठ हलली नाही. पण मला माना दिसत होत्या, आणि त्या ताठ झाल्या. एक बाई मटकन खाली बसली, तोंड पलीकडेच ठेवून. मी परत म्हणालो. डोंगराने ते परत दिले.

तेव्हा बाळकूतात्या वळले.

त्यांच्या शेजारचा माणूस म्हणाला, "तात्या, नातू शिकायला लांब हाय तुमचा." तात्यांनी त्याच्याकडे बघितले नाही. काठी टाकली आणि धोतरासकट पाण्यात आले. या वयाचा माणूस शेवाळावरून आला. त्यांनी हात पुढे केला. "कोण हाईस?" त्यांनी विचारले.

"मी शिरपा हाय, तात्या. गेल्या साली दादा हुता."

तात्यांचा हात तसाच राहिला, पाण्यावर. त्यांच्या घरावर आता गावाचा डोळा आहे. नातवाचा फोन वेळेवर आला नाही तर शेजारी दारात येऊन उभे राहतात. तात्या म्हणतात, "बघू काय न्येतंय ते." रोज सकाळी येऊन ते इथे बसतात, तोंड पाण्याकडे करून. ते बघा, तिथे.

पण त्या दिवशी तो हात मी माझ्यासाठी धरला नाही. मनगटाला धरून मी तो पाण्याखाली नेला, चांगोबाच्या बुडाशी असलेल्या कपारीपर्यंत. दादाचा पाय अडकला होता तिथे. मानाजीलाही तिथूनच खाली सोडले होते म्हणे. तात्यांची बोटे दगडाला लागेपर्यंत मी हात सोडला नाही. लागल्यावर थोडा वेळ तसाच धरून ठेवला.